मागूर माशाचे आईकडचे गोत्र

प्रिय डॉ. विनता गुणवंत देवपुजारी,

पूर्ण नाव पाहून तू काय म्हणाली असतीस, हे मी जाणतो. "अहो, समन्स काढलंय का माझ्यावर?" उभी नोकरी उच्च न्यायालयाच्या कचेरीत गेलेल्या माणसाकडून याहून सैल मायना होणे नाही. शिवाय आजचा विषय तुझ्या छापील नावाशी निगडित आहे.

कांचघर मोहल्ल्यातले आपले घर व्यवस्थित आहे. आमटी मला आता बऱ्यापैकी जमते. गूळ मात्र दर वेळी जास्त होतो. तुझी प्रयोगशाळेची खोली रिकामी करून देण्याविषयी कॉलेजने अत्यंत सौजन्याने विचारले. मी मुदत मागितली, ती मिळाली. त्याच आठवड्यात यशश्री घरी आली. तुझ्या हाताखालची ही शेवटची विद्यार्थिनी चहाचा कप बाजूला सारून एकदम म्हणाली, "काका, सिहोऱ्याचे मागूर मला बरोबर नाही वाटून राहिले."

सिहोऱ्याजवळच्या नथ्थूलालच्या तळ्यातले मागूर शुद्ध देशी आहेत, हा तुझ्या अखेरच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष. त्याच्याच भरवशावर त्यांची पिल्ले येत्या पावसाळ्यात नदीत सोडायचे ठरले होते. आफ्रिकी मागूर पाळायला बंदी का आहे, हे तूच मला सांगितले होतेस: तो हावरट मासा पाण्यातले बाकीचे मासे फस्त करतो. दोन्ही लांबट, दोन्ही मिशाळ, लहानपणी ओळखू न येणारे. म्हणून तू त्यांच्या पराचा, माझ्या भाषेत पंखाचा, कणभर तुकडा कापायचीस, त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढायचीस आणि तो खात्रीच्या देशी मागूरशी ताडून पाहायचीस. हा डीएनए पिल्लाला केवळ आईकडून मिळतो. जेवणाच्या टेबलावर तू मला ते समजावले होतेस: "आपल्याकडे गोत्र बापाचं लावतात, माझ्या प्रयोगशाळेत आईचं. बापाला तिथं कोणी विचारत नाही." मी हसलो नाही, म्हणून तूच हसलीस.

यशश्रीची शंका नेमकी त्या न विचारलेल्या बापाविषयी होती. ते मासे फार लवकर वाढत होते. देशी मागूरच्या डोक्याचे हाड मागे टोकदार होत जाते, आफ्रिकी मागूरचे तसे नसते, आणि यांचे धड ना असे ना तसे. आई देशी आणि बाप आफ्रिकी असेल, तर तुझी चाचणी त्यांना देशीच म्हणणार. बापाचा छडा लावायचा, तर पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून आलेला डीएनए तपासायला हवा. तुकडे तुझ्या फ्रीजरमध्ये सुरक्षित होते. "पण मॅडमचं नाव आहे ना त्याच्यावर," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हटलं, तर मी चूप राहीन."

ही दुसरी चाचणी तुला करायचीच होती. तिची तारीख ठरली होती आणि त्याच तारखेला आपण दवाखान्यात होतो. पुढे पाठीला उशी लावून तू निबंध पुरा केलास. 'शुद्ध' हा शब्द लिहून तू संगणक बंद केलास, आणि तुझ्या चेहऱ्यावरची निवांतता पाहून मी पडदा ओढून घेतला. त्या दुपारच्याइतकी गाढ झोप तुला नंतर लागली नाही. तो शब्द खोडण्याची परवानगी मी कशी द्यावी?

बरेच दिवस मी उत्तर दिले नाही. दरम्यान कुणकुण लागून नथ्थूलाल आला. पायरीवर बसूनच त्याने वकिली केली. "बाबूजी, मैडम ने तो मछली पास कर दी थी. अब आप लोग फेल काहे कर रहे हो?" त्याला उत्तर देताना माझ्याच लक्षात आले की मी तुझ्या निबंधाचे सोडून मासे नदीत गेल्यानंतरचे बोलत आहे: तिथल्या देशी माद्यांशी त्यांची सरमिसळ झाली, तर ती निस्तरणे कोणाच्याही हातचे नाही. तो उठताना पुटपुटला, "मैडम होतीं तो वो भी यही कहतीं." मी यशश्रीला त्याच संध्याकाळी होकार कळवला.

निकाल तिच्या शंकेप्रमाणे आला. सर्व मासे संकरित. पिल्ले सोडणे थांबले, तळे उपसले गेले. नथ्थूलालला खात्रीचे देशी बीज मिळवून देण्याची खटपट यशश्री करून राहिली आहे (पाहा, मीही तिच्यासारखे लिहू लागलो).

हे पत्र लिहिण्याचे कारण असे. त्या निबंधाची दुरुस्ती आज छपाईला गेली. तुझी लाज राखण्यासाठी यशश्रीने मसुद्यात 'नमुन्यांमध्ये सदोषता आढळल्याने' असे घातले होते. ते मी कापले. नमुने निर्दोष होते. निष्कर्ष चुकला होता, आणि तसेच लिहिले आहे. दुरुस्तीवर पहिले नाव तुझेच आहे. हे तुला इतर कोणाकडून कळू नये. दुसरे, तू आजी झालीस: आपल्या अनुपमला काल मुलगी झाली. श्रद्धा आणि बाळ सुखरूप आहेत. तुझी खोली आवरताना पेढा खाता खाता यशश्री हळहळली, "मॅडमचा मायटोकॉन्ड्रिया नाही येणार हो तिच्यात, तो तर श्रद्धावहिनीचा." मी तिला म्हटले, ज्या चाचणीला बाप दिसत नाही, तिला बापाची आई कुठून दिसणार? तो चाचणीचा प्रश्न आहे, आपला नव्हे. एवढे बोलून मी तुझा रिकामा फ्रीजर पुसायला घेतला, कारण यशश्रीकडे पाहणे मला शक्य नव्हते.

तुझाच,
गुणवंत

ता. क. तू जपलेले माशांचे तुकडे यशश्रीच्या फ्रीजरमध्ये हलवले. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या आणि पोच घेतली.