माळकरणीच्या घरी मासे

महागाव, श्रावण शुद्ध अष्टमी

ती. सत्यशीलाताईस धाकट्या कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि भाऊजींची शुगर आवाक्यात असो, एवढेच विठ्ठलाजवळ मागते. तुम्ही पाठवलेले मुगाचे पापड पोचले (एकोणचाळीस, पैकी एक मोडका). त्याखेरीज या आठवड्यात घरात आले ते असे: रोहू मासा एक किलो, रुपये दोनशे, रताळी दोन किलो, रुपये शंभर, जर्मनचा गंज (पातेले) एक, पहिला जळला म्हणून, रुपये एकशे नव्वद. पहिली नोंद वाचून पत्र खाली ठेवू नये. मासा कुत्र्याचा आहे.

आमचा भुऱ्या (समीक्षा अमरावतीला शिकायला जाताना आमच्या गळ्यात बांधून गेली तो) चैत्रापासून अंग खाजवतो. कानामागचे केस गेले, पोटाची कातडी लाल झाली. कडुलिंबाचे पाणी झाले, खोबरेल झाले, अंगारा झाला. शेवटी गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले, याला खाण्यातले काहीतरी बाधते. काय ते कळायला आठ आठवडे त्याने जन्मात न खाल्लेल्या दोनच वस्तू द्या, तिसरी जिभेला लागू देऊ नका. मग जुन्या वस्तू एकेक करून देऊन पाहू. मी बसून यादी केली. पोळी, दूध, भात, अंडी (शेजारची), लग्नातली कोंबडी, साबण. तीन पाने भरली. उरले मासे आणि रताळी. रताळी उपवासाला आमच्याकडे येतात, पण उरत नाहीत.

तुम्हाला ठाऊकच आहे, या घरात कधी अंडेही शिजले नाही. म्हणून गोठ्यामागे तीन विटा मांडल्या. गंज वेगळा, पळी वेगळी, गळ्यातली माळ तेवढा वेळ पदराखाली. बाजारात तोंडाला रुमाल बांधून गेले, तर मासेवाल्याने सगळ्यांदेखत "या कोकिळाबाई" म्हटले. शेजारच्या पुष्पाने दारातूनच विचारले, "काहून वं, माळ काढली का?" कुत्र्यासाठी आहे म्हटले, तर म्हणते, "हो वं, आमच्याकडे बी कुत्र्यासाठीच आणते." (त्यांच्याकडे कुत्रा नाही.) समीक्षाचे बाबा तर ताटावर बसले की भुऱ्याच्या ताटलीकडे पाहतात. "मले दोन्ही टाइम वरण, अन् त्याले रोहू. देवा, पुढच्या जन्मी मले खाजच दे."

पाच आठवडे झाले, खाज तशीच. यांनी सांगून टाकले, पोळ्यापर्यंत थांबली नाही तर झरी जामणीला अमरभाऊजींच्या वावरात नेऊन सोडतो, तिथे जंगलाला लागून राखणीला कुत्रा पाहिजेच आहे. मला काय, एक तोंड कमी. (मात्र तिकडे त्याचे काटे कोण काढून देणार?) डॉक्टर म्हणाले, "बाई, कोणीतरी चोरून खाऊ घालून राह्यलं." मी भुऱ्याच्या गळ्यात पुठ्ठा बांधला, "मला काही देऊ नका." पुष्पाशी बोलणे बंद केले. शेवटी यांना तुळशीवर हात ठेवायला लावला. म्हणाले, "वरणाशिवाय मायाजवळ हाय काय त्याले द्याले?" हे मला पटले.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुमची कोकिळा

ता. क. गाईची पहिली आणि कुत्र्याची शेवटची पोळी काढल्याशिवाय जेवायचे नाही, हे तुम्हीच मला सासरी जाताना बजावले होते. तेवीस वर्षे नेम चुकला नाही. या पाच आठवड्यांतही नाही. तो धर्म आहे, खाणे नव्हे, म्हणून यादीत वेगळी लिहिली नाही आणि डॉक्टरांनाही बोलले नाही. यांचा हात तुळशीवर होता, तेव्हा माझ्या ध्यानात आले.

आणखी एक. पुसदच्या मठातल्या महाराजांना विचारावे, की गव्हाच्या पोळीऐवजी रताळ्याचा घास दिला तर नेम पाळला जातो का. माझे नाव सांगू नये. फोन केला असता, पण मी फोनवर असले की हे जवळच बसतात. शनिवारपासून भुऱ्याची पोळी बंद केली, म्हणून माझे जेवणही बंद, दूध-केळ्यावर आहे. हे म्हणतात श्रावण आहे. पुष्पाने गावभर सांगितले, की मासे खाल्ल्याचे प्रायश्चित्त घेऊन राह्यली. आज पाचवा दिवस. भुऱ्या दुपारभर न खाजवता झोपला. मला चक्कर येते. उलट टपाली कळवावे.