केळ्याच्या चुऱ्यातलं चीज

धुळे, २४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईंना,
ज्योत्स्नाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर बोलायला लागलो की तुम्ही चिडता, मी रडते, आणि शेवटी हे फोन काढून घेतात. म्हणून आज कागद घेतला. फैजपूरच्या गाडीचे कंडक्टर हिलालभाऊ आपले डबे नेतातच, त्यात एका पत्राचं काय ओझं!

भूमिकाला नववं संपत आलं, वजन मात्र सातव्या वर्षाइतकंच. गणपतीत डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हाचं वावडं, म्हणून सांगितलं, तेव्हापासून घरात गव्हाचा कण नाही. आम्ही दोघंही भाकरीच खातो. तरी तिच्या रक्ताच्या तपासणीतला आकडा खाली यायला तयार नाही. गहू कुठून तरी पोटात जातोय का, असं डॉक्टर दर वेळी विचारतात. मी दर वेळी नाही म्हणते आणि घरी येऊन पुन्हा सगळे डबे घासते. हल्ली मला एका जागी बसवत नाही. ती बाथरूममध्ये गेली की मी दाराबाहेर उभी असते.

परवा तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला चीजचे कुरकुरीत तुकडे होते, वरून ब्रेडचा चुरा लावलेले. हिने हात मागे बांधून नुसतं पाहिलं. घरी येऊन म्हणाली की वास फार छान होता. मी दुसऱ्याच दिवशी एअर फ्रायर आणला, कारण तळलेलंही तिला जड जातं. चीजच्या तुकड्यांना ज्वारीचं पीठ लावून आत ठेवले. पाच मिनिटांनी उघडलं तर चीज सगळं पळून गेलेलं, जाळीत नुसती पिठाची टरफलं. भूमिका हसली. मला हसू आलं नाही.

ब्रेडच्या चुऱ्याऐवजी काय लावावं, तुम्हाला काही सुचतं का? मे महिन्यात तिला तुमच्याकडे ठेवायचं ठरलंय, ते ठरलेलंच आहे. फक्त संक्रांतीला, एका घासाने काय होतं, म्हणून तुम्ही तिला पोळी भरवलीत, तसं पुन्हा नको. ते मी मनात ठेवलेलं नाही.

आबांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू द्या.
तुमची,
ज्योत्स्ना

फैजपूर, ३ मार्च

चि. सौ. ज्योत्स्नास,
बेबाबाईचे अनेक उ. आ.

मनात ठेवलेलं नाही म्हणतेस आणि शाईने लिहून पाठवतेस! असो. पोळी मी दिली, चुकले, तेव्हाच कान धरले होते.

हवेत तळणं म्हणजे काय, हे मला अजून उमगलेलं नाही. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की मग सुनेने तेलाचा डबा परत करावा. पण चीज पळालं तो यंत्राचा दोष नव्हे. पुरणपोळी फुटते ती कड नीट न दाबल्याने, तसंच हे. तुकडे आधी बर्फाच्या कप्प्यात टणक होऊ दे. मग तांदळाच्या पिठाच्या घोळात बुडव, चुऱ्यात लोळव, पुन्हा घोळ, पुन्हा चुरा, आणि परत तासभर गोठव. कोपरे झाकले गेले का ते बघ. तू नेहमी कोपरे सोडतेस, लाडवांनासुद्धा कोपरे असतात तुझ्या.

चुरा सोबत पाठवते आहे. कच्च्या केळ्यांच्या चकत्या गच्चीवर तीन दिवस वाळवल्या. यंदा कुरडया घातल्याच नाहीत, गव्हाचा चीक गच्चीवर नकोच म्हटलं. मी आजारी आहे का, असं शेजारणी विचारून गेल्या. गिरणीतही नेलं नाही, तिथं गहू दळतात. खलबत्त्यात मीच कुटलं, खांदा भरून आलाय. त्यात मीठ, तिखट, जिरं आहे. आणि केळं वातूळ, पोरीला बाधू नये, म्हणून हिंग सढळ हाताने घातला आहे.

तिच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी ताटली आणून ठेवली. मे अजून दोन महिने लांब आहे आणि मला आत्तापासून करमत नाही. तिचे गाल जरा वर आले का, ते खरं खरं कळव.

तुम्हा तिघांवर जीव आहे, एवढं जाणून असा.
बेबाबाई

धुळे, १५ मार्च

ती. सौ. आईंना,
नमस्कार.

शनिवारी तुम्ही सांगितलं तसंच केलं. वरून तेलाचा हात फिरवला आणि आठ मिनिटं ठेवले. बारा तुकड्यांतला एकही फुटला नाही. वरून कुरकुरीत आणि आतून तार निघत होती. भूमिकाने पहिला तुकडा दोन्ही हातांत धरून खाल्ला, गरम होता तरी खाली ठेवला नाही. मग रोज मागायला लागली. मी रोज केले.

मंगळवारी तिचं पोट फुगलं. बुधवारपासून जुलाब, शाळा बंद, होळीला ती अंथरुणात. जानेवारीपासून मिळवलेलं अर्धा किलो वजन चार दिवसांत गेलं. डॉक्टरांनी विचारलं की नवीन काय खाल्लं. नवीन एकच होतं.

आई, मला खरं सांगा. चुरा मिळून यावा म्हणून थोडा रवा किंवा पीठ घातलंत का? चवीपुरतं, थोडंसं, काही होत नाही असं म्हणून? मी रागावणार नाही, असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. संक्रांतीचा घास डोळ्यांसमोरून हलत नाही. मी दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

मे महिन्यात मी तिला पाठवू शकणार नाही.

ज्योत्स्ना

फैजपूर, २१ मार्च

सौ. ज्योत्स्नास, आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, हे मला ठाऊक होतं, पण सुनेच्या अक्षरात वाचावं लागेल असं वाटलं नव्हतं. चुऱ्यात रवा नाही. पीठ नाही. केळी आपल्या बागेतली, मीठ नव्या पुडीतलं, जिरं निवडलेलं, तिखट घरचं. खलबत्ता तीन पाण्यांनी धुतला होता. हात धुतले होते, लुगडंही बदललं होतं. आणखी काय करायचं होतं? नातीला बघू द्यायचं नसेल तर तसं सरळ लिही, माझ्यावर गव्हाचा आळ कशाला घेतेस?

२२ मार्च. काल हिलालभाऊ आले नाहीत, पत्र राहिलं. बरं झालं.

रागाच्या भरात मी चुऱ्यातला एकेक जिन्नस पिशवीत घातला आणि तोताराम वाण्याकडे गेले. म्हटलं, ह्यात गहू असेल तर दाखव, नाहीतर माझ्या सुनेला तसं लिहून दे. तो मीठ-जिऱ्याला हसला. हिंगाची डबी मात्र मोबाईलच्या उजेडात धरून बराच वेळ वाचत बसला. बारीक इंग्रजी अक्षरं. मग म्हणाला की अक्का, ह्याच्यात हिंग कमीच, बाकी डिंक आणि गव्हाचं पीठ.

मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. चाळीस वर्षं हा हिंग वापरते आहे. पोरीचं पोट दुखू नये म्हणून मीच मूठ सैल सोडली आणि मीच तिचं पोट बिघडवलं. काल वर जे लिहिलं ते खोडत नाही, माझी जीभ कशी चालते ते तुला दिसू दे. पण तू म्हणालीस ते खरं. गहू माझ्याच हातून गेला.

मे महिन्यात तिला पाठवू नकोस. मला स्वतःचाच भरवसा वाटत नाही.

बेबाबाई

धुळे, २७ मार्च

ती. सौ. आईंना,
ज्योत्स्नाचा शि. सा. नमस्कार.

पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. माझ्या मोहरी-हळदीच्या शेजारी तशीच डबी आहे.

सहा महिने मी ब्रेड, बिस्किटं, शेवया, सॉस, सगळ्यांची पाकिटं वाचली. हिंगाची डबी वाचायची असते, हे डोक्यातच आलं नाही. वरणाच्या फोडणीत रोज चिमूटभर. ताकात. आमटीत. पोट दुखतंय म्हणाली की बेंबीभोवती लावायचा आणि वर ताकातून थोडा पाजायचासुद्धा. आई, तुम्ही चार दिवस दिलात, मी सहा महिने दिला. आकडा खाली येत नव्हता तो माझ्यामुळे. मी डबी हातात घेऊन फरशीवर बसले होते, तेव्हा कामवाली कामिनी आली. काय झालं ते तिला कळलं नाही, तरी पाठीवर हात ठेवून म्हणाली की बठ्ठं बरं व्हई जाई, ताई.

तुम्हाला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. माफी कोणत्या तोंडाने मागू?

ह्यांना आणि डॉक्टरांना सांगून टाकलं. भूमिकाला सांगायचं राहिलं आहे. ती आजारी असतानाचं आमचं बोलणं तिने ऐकलं होतं. आजीच्या चुऱ्याने आजारी पडले, असं तिच्या मनाने घेतलंय. उरलेला चुरा तिने स्वतः कचऱ्यात टाकला. तिला कसं सांगू तेच सुचत नाही.

ह्या वेड्या सुनेला पदराखालीच असू द्या.
ज्योत्स्ना

फैजपूर, ३१ मार्च

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक उ. आ.

काल पाडवा झाला. गोड केलं नाही, उगीच कोणाच्या घशाखाली उतरणार होतं!

माफीबिफी राहू दे. तू मला बोललीस, मी तुला बोलले, फिटंफाट झाली. तू सहा महिने ज्या काळजीने डबे घासलेस ती मी बघितली आहे. तुझ्यासारखी आई मला माझ्या मुलांसाठी होता आलं नाही, हे आज लिहून टाकते.

पोरीला काही सांगू नकोस. आजीच्या चुऱ्याने झालं असं तिला वाटतंय ना, वाटू दे. विचारलं तर माझंच नाव सांग. आजीवर रागावली तर ती वर्षभर फैजपूरला येणार नाही, मी वाट बघेन. पण आईवरचा विश्वास उडाला तर ती जेवेल कुणाच्या हातचं? तिला दिवसातून तीनदा तुझ्याच ताटावर बसायचं आहे.

तवा आणि ताटली कपाटात ठेवून दिली आहे. गंजणार नाही, तेल लावलंय.

तिला धरून रहा, मला विसरू नका.
बेबाबाई

धुळे, ६ एप्रिल

ती. सौ. आईंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं नाव सांगायचं ठरवूनच तिच्यासमोर बसले होते. तोंडातून माझंच आलं. रोजच्या वरणातून गेलं, आणि मीच घालत होते, असं सांगितलं. तुम्ही स्वतः वाण्याकडे जाऊन डबी वाचून घेतलीत, म्हणून कळलं, हेही सांगितलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या हातचं जेवली नाही. स्वतः सोलून दोन केळी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तुमचं म्हणणं ऐकायला हवं होतं, असं मला शंभरदा वाटलं.

सकाळी उठून बघते तर स्टूल ओढून ती फडताळासमोर उभी. एकेक पाकीट काढून मोठ्याने वाचत होती. मला जवळ येऊ देईना. दोन तासांनी भाजीच्या मसाल्याची एक पुडी बाजूला काढली, त्यातही तोच हिंग होता. मला दिसला नव्हता. मग ती पुडी माझ्या हातात देऊन म्हणाली की आता चीज कर.

ज्वारीच्या लाह्या कुटून केले. सहा खाल्ले. आज चार दिवस झाले, पोट शांत आहे. आजीचा चुरा जास्त कुरकुरीत होता, असं मात्र तिने तोंडावर सांगितलं.

परीक्षा २५ एप्रिलला संपते. २६ च्या सकाळच्या गाडीने तिला घेऊन येते, महिनाभरासाठी. एअर फ्रायरही आणते. केळी वाळत घाला, पण कुटू नका, ते तिला स्वतः करायचं आहे. आणि आई, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्या काढून ठेवा. ती एकेक वाचणार आहे, आणि तोपर्यंत कोणी जेवायचं नाही असा तिचा हुकूम आहे. आबांनासुद्धा.

आम्ही येतोय, लोभ तिथेच समोरासमोर मागेन.
ज्योत्स्ना