ठकी दिवाणाखालीच

६ जानेवारी, मंगळवार
ठकी अजून दिवाणाखालीच. विजयश्री गेल्यापासून तिचं हे मांजर माझ्यासमोर जेवत नाही. दापोडीहून मुलीचा, निशिगंधाचा फोन. म्हणाली, "बाबा, आईचं जीव असलेलं एवढंच मागं राहिलंय. झुरून मरायला नको. बावीस तारखेला गुरुवार, तुम्हाला सुट्टी असते, तेव्हा येते. रुळली नसेल तर मी नेईन." म्हटलं, येच. मला ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवलं नाही, माप तपासायचं गेज धरायला कुणी शिकवलं नाही. आज महाळुंग्याच्या कंपनीत माझ्या सहीशिवाय माल हलत नाही. मांजर म्हणजे काय!

८ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पद्धत लिहिली, भिंतीवर लावली. आधी बोट हुंगू द्यायचं. मग गाल. मग हनुवटी. पोटाला हात नाही. जमिनीवर आडवा होऊन दिवाणाखाली बोट धरलं. ओरखडा. उथळ, सरळ रेषेत. असो, संपर्क झाला.

११ जानेवारी, रविवार
शेजारच्या कौशल्याबाई भाकरी घेऊन आल्या. मला जमिनीवर पालथा पाहून म्हणाल्या, "भाऊ, हाताला कंपनीच्या तेलाचा वास हाय तुमच्या. मांजर कशाला यील? अन् जरा बोला की तिच्याशी. वैनी दिसभर बोलायच्या. भिंतीतनं ऐकू यायचं." काय बोलायची, विचारलं. "तुमचीच गाऱ्हाणी, दुसरं काय!" हसल्या. मग भाकरी ठेवून घाईने निघाल्या.
मी बोलत नाही असं नाही. गरजेपुरतं बोलतो.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. हात तीनदा साबणाने धुतले आणि बोलून पाहिलं. "ठकी, मी उद्धव." पुढे सुचेना. उद्या मुद्दे काढून बसायचं.

१५ जानेवारी
मुद्दे काढले नाहीत. दाढ दुखत होती.

१७ जानेवारी, शनिवार. पहाटे
यश!! थंडी फार, म्हणून खुर्चीवरचा विजयश्रीचा तपकिरी स्वेटर अंगात घातला. फक्त थंडीपुरता. ठकी आपण होऊन आली, मांडीवर चढली, बाहीत तोंड खुपसलं. गालावरून बोट फिरवलं तर डोळे मिटून घुरघुरायला लागली. पाय बधिर झाला तरी हललो नाही. कंपनीची बस चुकली. चुकू दे.
निशिगंधाला कळवलं, माणसाकडे पद्धत पाहिजे. म्हणाली, "बाबा, आवाज असा का येतोय?" सर्दी, म्हटलं.

१९ जानेवारी, सोमवार
आजही मांडीवर. पद्धतीचा कागद काढून टाकला. अंगवळणी पडलंय. ठकीने शेवटी माणूस ओळखला.

२१ जानेवारी, बुधवार
उद्या निशिगंधा. ऑडिटच्या आदल्या दिवशी कंपनीत करतो तशी घराची साफसफाई केली. जाळ्या, पडदे, दिवाणाखाली फिनेल. स्वेटर केसांनी भरला होता, असा कुणाला दाखवतात का? कढत पाणी, दुप्पट पावडर, वर लिंबाच्या वासाचं ते कंडिशनर. गच्चीवर वाळवला. बाही इंचभर आखडली, बाकी नव्यासारखा.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपार
स्वेटर घालून खुर्चीत तयार बसलो. निशिगंधा समोर. ठकी बाहेर आली. बाही हुंगली. पुन्हा हुंगली. माघारी फिरली. म्हटलं, नवीन माणसाला बुजते. निशिगंधा म्हणाली, "मी नवीन का?" मग उठून जवळ आली. बाही नाकाशी नेली.
"धुतलात, बाबा?"
स्वच्छ केला, म्हटलं.
तिने बाही सोडली. खाली बसून दिवाणाशी काहीबाही बडबडत राहिली. आवाज अगदी आईसारखा. बऱ्याच वेळाने ठकी आली, तिच्या ओढणीत शिरली. "राहू दे का बाबा इथंच?" तिने विचारलं. मीच म्हटलं, ने. ठरलं ते ठरलं, खाल्लं पाहिजे तिने.

रात्री
स्वेटर मीही हुंगून पाहिला. लिंबू.
मग विजयश्रीच्या उशीचा अभ्रा काढून हुंगला. चादर. तिचा टॉवेल. मोरीतल्या खुंटीवरचा गाऊन. कपाटातली खालची शाल. सगळं याआधीच मी स्वतः धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं.
माझं काम कधी अर्धवट नसतं.