आपांचा अंगठा उमटत नाही त्याची हकीकत

आत-बाशी,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

आदरणीय वन्सं,

सलाम. तुमची माणसं खुशाल ना, जनावरं खुशाल ना? (तुम्ही इस्तंबूलला पाचव्या मजल्यावर राहता आणि तुमच्याकडे साधं मांजरही नाही, हे मला ठाऊक आहे. पण जनावरांची चौकशी केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.) तुमच्या यजमानांची कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. तांबडी घोडी लंगडत होती ती बरी झाली. तुमच्या आईची, आपांची, तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे दिवसाला अकरा शब्द बोलतात. फोन न करता पत्र का लिहिलं, म्हणाल तर फोन वाजला की आपा तो मोठ्या आवाजावर लावतात, आणि मग जे बोलायचं ते अख्ख्या गल्लीसमोर. शेजारच्या कालिचाताईंची सून तुमच्या शहरात कामाला निघाली आहे, तिच्या हाती हे देते आहे.

तर, तुम्ही तीनदा विचारलंत की आपांचा पासपोर्ट अजून का होत नाही. तुम्ही त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतलीत, पलंग आणलात, खिडकीतून समुद्र दिसतो, आता आईनं कायमचं आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तुमचा जीव तुटतो, हे सगळं मला समजतं. म्हणूनच झालेली फजिती पहिल्यापासून सांगते. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पासपोर्ट कचेरीत गेलो तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं आपांची दहाही बोटं काचेवर टेकवून घेतली आणि दहाही वेळा यंत्राचा लाल दिवा लागला. पन्नास वर्षं गरम पाणी आणि साबण घालून लोकरीच्या नमद्यांचे गालिचे मळले, त्यात रेषा झिजून गेलेल्या. ती मुलगी म्हणाली, “आजी, तुम्हाला बोटंच नाहीत की!” आपा म्हणाल्या, “बोटं आहेत गं पोरी, तुझ्या यंत्रालाच डोळे नाहीत.” मग तिनं सांगितलं, दोन महिने नमद्याला हात लावायचा नाही, रोज बोटांना लोणी चोळायचं, आणि मग यायचं. रेषा पुन्हा उगवतात म्हणे.

इथे गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी पडले पदार्थविज्ञानाची शिक्षिका. चहा पिता पिता जाहीर करून टाकलं की बोटं वाचायचं यंत्र मी घरीच बनवते. म्हणजे दर आठवड्याला रेषा तपासता येतील आणि दीड तास वॅनमध्ये गचके खात उगाच जावं लागणार नाही. तुमचे भाऊ म्हणाले, “माझा फोन वापरू नकोस.” (त्या दिवसाचे चार शब्द यात संपले.)

सुरुवात किटलीच्या बुडाची काजळी आणि चिकटपट्टी यांनी केली. बोट काजळीत, मग पट्टीवर, मग पट्टी कागदावर. पद्धत चांगली आहे, फक्त काजळी कागदापेक्षा पडद्यांना जास्त लागते. ते पडदे तुम्हीच पाठवलेले होते, हे इथेच सांगून मोकळी होते. मग शाळेच्या प्रयोगशाळेतून काचेचा मोठा लोलक आणला. एका बाजूनं विजेरीचा उजेड, दुसऱ्या बाजूनं फोनचा कॅमेरा, आणि वरच्या सपाट काचेवर बोट. रेघ काचेला टेकते तिथे काळं दिसतं, रेघांमधल्या चरांत उजेड राहतो. सोपं आहे. हे सगळं हलू नये म्हणून बुटांच्या खोक्यात बसवलं आणि डिंकानं चिकटवलं. फोन अर्थात तुमच्या भावांचाच, माझ्या फोनचा कॅमेरा धुरकट आहे. डिंक फारच चांगल्या प्रतीचा निघाला. दोन दिवस तुमचे भाऊ बुटांचं खोकं कानाला लावून बाजारात मेंढ्यांचे सौदे करत होते. घरी आल्यावर खोकं माझ्यापुढे ठेवायचे आणि बघत राहायचे.

शेवटी फोन सुटला, पण एव्हाना मला चेव चढला होता. नुसती रेघ दिसून काय उपयोग, यंत्रानं आकृतीही ओळखली पाहिजे! आकृत्या तीनच घराण्यांतल्या असतात: कमान, एका बाजूला वळून परतणारा शंख, आणि गोल फिरणारं चक्र. तीन आठवडे खपून मी संगणकाला ते शिकवलं. माझ्या अंगठ्याला त्यानं कमान म्हटलं, पुन्हा ठेवला तर शंख म्हटलं. कालिचाताईंच्या बोटाला काहीच म्हटलं नाही. मग मी वैतागून काचेवर अर्धा कांदा ठेवला, तर लगेच उत्तर आलं: चक्र, खात्री सत्त्याण्णव टक्के. कालिचाताई म्हणाल्या, “कांद्याचा पासपोर्ट काढ बाई, तो तरी होईल.”

आपा मात्र यंत्रापेक्षा हुशार निघाल्या. आयुष्यभर नमद्यावर नक्षी कापलेली, पडद्यावर माझा अंगठा बघताच म्हणाल्या, “हे मेंढ्याचं शिंग. आणि हे वळलंय ते कुत्र्याचं शेपूट.” आठवड्याभरात गल्लीतल्या वीस जणांची बोटं त्या ओळखायला लागल्या. मी नावं झाकून दाखवायचे, त्या बरोबर सांगायच्या. वीसपैकी वीस. (माझं यंत्र: वीसपैकी सहा, कांदा धरून सात.)

आणि या महिन्यात, दुसऱ्या खेपेच्या आधीच्या सोमवारी, आपांनी अंगठा टेकवला आणि पडद्यावर चक्र उमटलं. बारीक, पण पूर्ण. मी आनंदानं ओरडलेच. आपा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, आहे होय अजून?” बुधवारी त्यांनी न्हाणीघर तापवायला सांगितलं. आपल्याकडे ते शनिवारी तापतं, पण सरकारी कचेरीत स्वच्छ जावं म्हणाल्या. गुरुवारी आम्ही गेलो. दहा बोटं, दहा वेळा लाल दिवा. ती मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी लोणी, लोकर, साबण, हवा असं काहीबाही बोलत होते. एकूण निष्कर्ष असा, की माझ्या यंत्रावर विसंबून राहिल्यामुळे सगळ्यांचा वेळ फुकट गेला. चूक माझी. तिसरी तारीख पंचवीस नोव्हेंबरची मिळाली आहे. रागावू नका.

तुमची भावजय,
बुरुल

ता. क. आपा शेजारी बसून विचारताहेत काय लिहिलंस. त्यांचा निरोप: “लेकीला सांग, मला फार वाईट वाटलं.” हे सांगताना त्या सुरी घेऊन नव्या नमद्यावर शिंग कापत होत्या आणि गुणगुणत होत्या.

ता. क. २. आता त्या गोठ्यात गेल्या आहेत, म्हणून भराभर लिहिते. माझं यंत्र सोमवारी खोटं बोललं नव्हतं. शुक्रवारी न्हाणीघर झाडताना टाचा घासायचा दगड हातात आला. बुधवारपर्यंत मुठीएवढा होता, त्याचं अक्रोड झालंय. ऑगस्टमध्ये बोटं खरंच कोरी होती. पण कोरी बोटं असली की जावं लागत नाही, हे आपांना तेव्हा कळलं; आणि रेषा परत आल्या हे त्यांना दाखवलं कुणी, तर मी, विजेरी लावून. तुम्ही इतकं प्रेमानं बोलावता, तुम्हाला नाही म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. म्हणून त्या यंत्राकडून नाही म्हणवून घेताहेत. मी त्यांना काही विचारलेलं नाही. उलट काल बाजारातून नवा दगड आणून जुन्याच्या जागी ठेवला. वन्सं, त्या गेल्या तर हे घर मला खायला उठेल, हे मी आजवर तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी म्हटलं ते एवढ्यासाठी. तेव्हा पंचवीस तारखेचं राहू दे. तुम्हीच या. नवरोझला या, महिनाभर राहा, आणि पासपोर्टचं नावही काढू नका.

ता. क. ३. वाचून झालं की फाडून टाका, असं लिहिणार होते. पण फाडू नका, मागची बाजू बघा. सोमवारी तपासणीसाठी म्हणून किटलीच्या काजळीनं या कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता. डाव्या कडेला थोडा पुसटलाय. आईचा आहे, जपून ठेवा.