सुखीबाईचा ढावलो, तारिकचं कार्ड आणि दुकानातल्या इतर वस्तूंबाबत

मी, शेख जलाल शेख हबीब, वय एकसष्ट, धंदा रेडिओ व मोबाइल दुरुस्ती, राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. हृदय कमजोर झालं आहे, डोकं शाबूत आहे. कोणी धाक घालून लिहून घेतलेलं नाही. मला धाक घालू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, माझी बायको हुस्नाबी, आणि ती आत भाकरी करते आहे.

कलम १. घर व दुकानाचा गाळा शरियतप्रमाणे हुस्नाबी, मुलगा इमरान आणि मुलगी उमेरा यांच्यात वाटला जाईल. त्यात मी लुडबूड करत नाही. मात्र हुस्नाबी हयात असेपर्यंत तिला त्या घरात कोणी ‘जरा सरक’ असं म्हणू नये.

कलम २. सोल्डरिंग गन, मीटर आणि अब्बांचे तीन जुने रेडिओ इमरानला. स्क्रू फिरवायचा बारका पेचकस शेजारच्या देवसिंगनं पाच वर्षांपूर्वी ‘आत्ता आणतो’ म्हणून नेला आहे. तो मागून आणावा. देवसिंग माणूस चांगला आहे, पण पेचकस माझा आहे.

कलम ३. दुकानातला कॉम्प्युटर आणि त्यातला ‘सुखी’ नावाचा प्रोग्राम उमेराला द्यावा. इमरानची यास संमती आहे. हा प्रोग्राम मी स्वतः शिकून लिहिला. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर ‘सुखी’ लिहायचं, पुढं गाण्यांच्या यादीचं नाव, पुढं कोणत्या फोल्डरात टाकायचं ते. मग तो यादीतलं एकेक गाणं जिथं असेल तिथून उचलतो आणि यादीसकट नव्या जागी नेऊन ठेवतो. एक जरी गाणं सापडलं नाही तरी तो ‘झालं’ म्हणत नाही. लोक हसले, एवढं कायले म्हणाले. कायले ते पुढं लिहितो.

कलम ४. कापसाचे वाईट दिवस होते. खरेदी केंद्रापुढं गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहायच्या, तेवढ्यात माणसं माझ्याकडं येऊन मोबाइलचं कार्ड गाण्यांनी भरून घ्यायची. प्रत्येकाची यादी मी त्याच्या नावानं ठेवायचो. कोण्या घरात वाईट घडलं की त्या घरचा माणूस पुन्हा यायचा नाही, यादी तशीच राहायची. मी एकही यादी पुसलेली नाही, उमेरानंही पुसू नये.

२००७ साली गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचे खेमसिंग राठोड आपल्या बायकोला, सुखीबाईला, दुकानात घेऊन आले. ती आजारी होती. बंजारा नवरी सासरी निघताना रडत गाते तो ढावलो आईनं आधी शिकवायचा असतो. सुखीबाई म्हणाली, “मशीनमधी ठेव भाऊ. माही जया अजून लहान हाय. शिकवाले मी राहीन का नाही, काय सांगता येते.” पंखा बंद करून, घाम पुसत, तिनं पूर्ण ढावलो म्हटला. दोन महिन्यांनी ती गेली.

पुढच्या वर्षी दिवाळीत मी कॉम्प्युटरची डिस्क बदलली. मदतीला माझा धाकटा भाऊ तारिक होता, जो ढाणकी–उमरखेड काळी-पिवळी जीप चालवतो. मी नव्या डिस्कवर फक्त याद्या नेल्या, म्हणजे गाण्यांची नावं आणि ती कुठं ठेवली ते पत्ते, आणि गाणीच आली असं समजलो. पडद्यावर सगळी नावं दिसत होती. दोन गाणी वाजवूनही पाहिली. ती वाजली, कारण जुनी डिस्क अजून जोडलेलीच होती. तारिकनं विचारलं, “भाऊ, सारं आलं ना? जुनी पुसू काय?” मी म्हणालो, “आलं. पुस.”

फिल्मी गाणी नंतर गिऱ्हाइकांच्या कार्डांवरून परत मिळाली. ढावलो मिळाला नाही. खेमसिंग आले तेव्हा मी त्यांच्यासमोर म्हणालो, “तारिकनं पुसलं.” तारिक तिथंच उभा होता. पायऱ्या उतरून गेला, तो आजपर्यंत दुकानात आला नाही. तांड्याच्या लोकांनी त्याच्या गाडीत बसणं सोडलं. माझी चूक मी भावाच्या अंगावर घातली. याची मला लाज वाटते, सहा वर्षं रोज वाटते. त्यानंतरच मी ‘सुखी’ लिहिला.

कलम ५. याहून वाईट पुढं आहे. २०१० साली जुन्या याद्या चाळताना ‘तारिक-काळीपिवळी’ ही यादी सापडली. डिस्क बदलण्याच्या आठ दिवस आधी मी त्याला तांड्याची सगळी गाणी भरून दिली होती. त्यात ढावलो आहे. माझ्या हातची गाणी नकोत म्हणून त्यानं कार्ड गाडीतून काढून ठेवलं, असं उमेराच्या कानावर आलं. म्हणजे चार वर्षं मला ठाऊक आहे ढावलो कुठं आहे. खेमसिंग दर होळीला विचारतात, “जलालभाई, सापडला काय?” मी म्हणतो, शोधून राह्यलो. खरं हे, की तारिकच्या दारी जायची माझी छाती झाली नाही. हुस्नाबी म्हणते, “अपने भाई के घर जाने को पासपोर्ट लगता क्या?”

आता जयाचं लग्न ठरलं आहे, होळीनंतर. ढावलो तिला शिकायचा आहे. तो माझ्या मिळकतीत धरू नये. तो तिचाच आहे, तिला परत जावा.

कलम ६. वकील विमलताई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. तारिक माझा साक्षीदार व्हावा अशी इच्छा आहे. म्हणून मी त्याला काहीही देत नाही. फक्त जे खरं आहे ते वर लिहिलं आहे. उद्या हा कागद घेऊन मी स्वतः त्याच्या दारी जाईन, इमरानला पाठवणार नाही. दोन्ही साक्षीदारांनी वाचल्यावरच मी सही करीन.

ठिकाण : ढाणकी
लिहिलं : ९ नोव्हेंबर २०१४
सही केली : १० नोव्हेंबर २०१४
शेख जलाल शेख हबीब

संमती : शेख इमरान शेख जलाल

साक्षीदार १ : खेमसिंग हरिसिंग राठोड. उमेरानं वाचून दाखवलं. सहा वर्षं तारिकच्या गाडीत बसलो नाही, ते माझं चुकलं.

साक्षीदार २ : शेख तारिक शेख हबीब. वाचलं. कार्ड चहापत्तीच्या डब्यात होतं. भावासोबत दुकानात येऊन कॉम्प्युटरला लावलं, ‘सुखी’ लिहून माझ्या नावाची यादी चालवली. जया समोर बसली होती. पडद्यावर आलं, ‘सापडलं नाही : शून्य’. खाली लिहून आलं, ‘झालं’.