दुनळीची पूजा

३० एप्रिल, बुधवार. रोटोटुना, न्यूझीलंड

अक्षय्य तृतीया. नवी दुनळी बंदूक, एक नळी वर, एक खाली — दोन्ही नळ्या आतून पुसून पाटावर ठेवली. दमयंतीनं हळदकुंकू वाहिलं, नळ्यांच्या तोंडाशी सुपारीचा गणपती मांडला, वर झेंडू. बंदूक मला कोणी शिकवली नाही. पुस्तकं वाचून शिकलो, आता क्लबातले गोरे मला विचारतात! पूजा झाल्यावर बंदूक उचलून लगेच कपाटात, कुलूप. तोंड वर — नेहमीच.

२ मे, शुक्रवार

उद्या बदकांच्या शिकारीचा मोसम उघडतो. मेहुणा इंद्रनील टाकानिनीहून आला. दातांचा डॉक्टर. बंदूक प्रथमच धरणार, माझ्या देखरेखीखाली. दलदलीतल्या मायमायला — आमच्या आडोशाला — ताज्या फांद्या बांधल्या. समोर दोन खुंट्या ठोकल्या. नळी त्यांच्याबाहेर जाता कामा नये. "भावजी, शिकारीला आलोय की शाळेत?" हसू दे.

३ मे, शनिवार



काडतुसं भरताना इंद्रनील म्हणाला, "आधी नळीतून आरपार बघायचं ना? तुमचाच नियम." मी म्हणालो, "मी स्वतः पुसलीय. भर!"

त्याचा पहिला बार, खालची नळी. बदक पडलं, पण जिवंत. एका पंखानं पाणी झोडपत गोल फिरत होतं, आणि हा खिदळतोय! जखमी पक्षी तडफडत ठेवायचा नसतो. कंबरभर पाण्यात उतरलो, मान पिरगाळली. जमलं नाही. पुन्हा पिरगाळली — कट्! बोटांवर गरम रक्त. वळलो तर नळी खुंटी ओलांडून थेट माझ्या छातीवर!

कानाखाली वाजवली. ओठ फुटला. "ताईला नाव सांगेन हं," रक्त थुंकत म्हणाला. तरी हसतच.

पुढचा थवा. वरची नळी. आवाजच निराळा. नळी फाटली, पत्रा फाटावा तशी. डावा अंगठा गेला, दोन बोटं कातड्यावर लोंबत. तो ओरडलाही नाही — गुडघ्यांवर बसून चिखलात अंगठा शोधत होता.

पोलिसांना सांगितलं, त्यानं नळीचं तोंड चिखलात बुडवलं असणार. बेशिस्त!

५ मे, सोमवार

अंगठा जोडता आला नाही. "इंद्रा आता काम कसं करणार हो?" दमयंती. म्हटलं, "शिस्त पाळली असती तर!"

७ मे, बुधवार

दमयंती देवघर आवरत होती. "अहो, त्या दिवशीची गणपतीची सुपारी कुठंय? पाटावर नाही, खाली नाही. घरंगळू नये म्हणून वरच्या नळीच्या तोंडातच तर टेकवली होती."

बंदूक मी उचलली होती. तोंड वर करून.