वळणावरच्या खुंट्या

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे. सामान उतरवताना हमालाने आईची शिवणाची पेटी पायरीवर आपटली. तिने त्याला असं झाडलं की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. म्हणजे नव्या गावात ओळखपाळख झाली म्हणायची. कारखान्याने दिलेलं घर दोनच खोल्यांचं, पण भिंती नुकत्या रंगवलेल्या आणि स्वयंपाकघरात उजेड भरपूर. बायको सगळे नळ सोडून सोडून बघत होती. वीस वर्षं मी लोकांच्या दिवाणखान्यांत जाऊन पियानो सुरात लावले, स्वतःच्या घरात नळ आज आला.

दुपारी साहेबांना भेटलो. ज्यांच्या शर्यतीच्या गाड्यांची चित्रं मुलं वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवतात, ते हे. बुटके, स्वच्छ, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकावंच लागतं. न्हावी त्यांची दाढी करत होता. दिवसातून दोनदा करतात म्हणे, दहाला आणि तीनला, कचेरीतल्याच खुर्चीत. त्यांनी टेबलावरच्या पेल्याला नखाने टिचकी मारली आणि सूर कोणता ते विचारलं. मी सांगितला. मग एक घोट पाणी पिऊन पुन्हा टिचकी. मी म्हणालो, चढला, पण पुरता अर्धा सूर नाही. साहेब हसले. आईचा मोतीबिंदू निघाला बोलण्यात, तर कोणत्या डोळ्यात जास्त, हे विचारलं आणि लिहून न घेता लक्षात ठेवलं. एवढा मोठा माणूस!

शुक्रवार, ८ मार्च

काम समजलं. कारखान्यामागे चाचणीचा रस्ता आहे, अंडाकृती, मैलोन्मैल. गाडी एका चढावरून वर येते, मग तीनशे पावलांचा सरळ पट्टा आणि त्यापुढे वाईट वळण. वळणाआधी चालकाला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागतो. जो उशिरा उचलतो तो जोरात जातो; फार उशिरा उचलतो तो बाहेर जातो. पाय नेमका कुठे उचलला ते डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं, कारण इंजिनाचा सूर त्या क्षणी पडतो. म्हणून मी. वळणाजवळच्या लाकडी खोलीत बसायचं, ऐकायचं, आणि रस्त्याकडेला पावलापावलावर मारलेल्या रेघांपैकी बरोबर रेघेशी खुंटी ठोकायची. लाल खुंटी लंबूची, निळी मास्तरांची. हे दोघे इथले चालक. लंबू सहा फुटांच्या वर, बडबड्या, तीन मुलांचा बाप. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. अविवाहित, बहिणीजवळ राहतात, मोजकं बोलतात.

साहेब रस्त्यावर कधीच येत नाहीत. माझ्या खोलीत एक फोन आहे, त्याची तार फक्त त्यांच्या टेबलापर्यंत जाते. गाडी आली की रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचा. ते डोळे मिटून ऐकतात, न्हाव्याचा वस्तरा गालावर असला तरी. आज लंबू वळणाआधी सत्तर पावलांवर, मास्तर बासष्टवर.

बुधवार, १३ मार्च

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं! साहेबांनी परस्पर सगळं ठरवलं, स्वतःची गाडी पाठवली. पट्टी सुटली तेव्हा आईने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, किती रे म्हातारा दिसायला लागलास. डावा डोळा सव्वीसला. आई आता साहेबांचं नाव काढलं की हात जोडते.

आज त्यांनी मला, दोन्ही चालकांना आणि हेडमिस्त्रींना जेवायला बोलावलं. साहेब रोज तेच खातात, उकडलेला बटाटा आणि दोन अंडी. त्यांचा चमचा खाली ठेवला गेला की सगळ्यांनी थांबायचं. हेडमिस्त्री तीस वर्षं इथे आहेत, ते भराभर गिळतात; माझं ताट अर्धं राहिलं. मध्येच साहेब लंबूकडे वळून फार मायेने म्हणाले, "मास्तर तुझ्यापुढे आठ पावलं आहेत. मनाला लावून घेऊ नकोस. तुला मुलं आहेत, तुझं बरोबर आहे." लंबूचे कान तांबडे झाले. साहेबांनी त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने मीठ वाढलं.

संध्याकाळी लंबू अडुसष्टवर आला.

सोमवार, १८ मार्च

साहेबांनी आज मला कचेरीमागची खोली दाखवली. फडताळं, काचेची दारं, आत मखमलीवर वाकलेले, तुटलेले लोखंडाचे तुकडे. अपघात झालेल्या प्रत्येक गाडीतला एकेक. चिठ्ठीवर माणसाचं नाव नाही, फक्त आकडा: पाय किती पावलांवर उचलला. साहेब रुमालाने एकेक तुकडा पुसत होते. स्टिअरिंगचा एक दांडा हातात घेऊन म्हणाले, हा माझा धाकटा भाऊ. चिठ्ठीवर एक्क्याण्णव लिहिलं होतं. फार लवकर उचलला, म्हणाले, आई त्याला उगाच शूर समजायची.

डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दुःखाने माणूस थोडा वेगळा वागतोच.

गुरुवार, २१ मार्च

गाडीतून एक बारीक आवाज येतोय. मागच्या चाकांच्या आसातून, वळणाच्या आधी, ताण पडला की. पियानोची तार तुटायच्या आदल्या दिवशी असाच आवाज काढते. इतरांना ऐकू येणार नाही. मी हेडमिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि म्हणाले की हे मला सांगू नका, त्यांना सांगा.

शुक्रवार, २२ मार्च

सांगितलं. साहेब म्हणाले, शाबास, मला मंगळवारपासून माहीत आहे.

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. ते तसेच शांतपणे सांगत राहिले. आस तसाच राहील. ज्याला माहीत नाही तोच मोकळेपणाने गाडी चालवतो, आणि प्रत्येक माणसात एक जागा असते जिथे तो पाय उचलतो. ती जागा कुठे आहे एवढंच त्यांना आयुष्यात बघायचं आहे. गाड्या त्यासाठी. मी म्हणालो, माणूस मरेल. त्यांनी विचारलं, आईचा डावा डोळा मंगळवारी ना? आणि चौकशी केली, आता सुईत दोरा ओवता येतो का तिला.

ओवता येतो, एवढंच म्हणालो. बोलायला हवं होतं. घरी आलो तर आई खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होती.

सोमवार, २५ मार्च

उपाय सापडला. आकडे माझ्या हातात आहेत. दोघांचेही आकडे चांगले दाखवायचे, म्हणजे कुणालाच जिवावर उदार होऊन गाडी हाणायला नको. ताण कमी, आस टिकेल, तोवर काहीतरी करता येईल. सकाळी लंबू सदुसष्टवर होता. मी लाल खुंटी पंचावन्नवर ठोकली. दुपारी मास्तरांची निळीही अशीच पुढे ठोकणार आहे.

रिसीव्हरमधून साहेब फक्त म्हणाले, छान.

सोमवारच, दुपारी

मास्तर पाळीच्या आधी खोलीत आले. चहा प्यायले. लाल खुंटीकडे बघत होते. मला विचारलं, "खरंच पंचावन्न? मी त्याला ओळखतो, त्याच्याकडून होणार नाही. तुम्ही सांगा, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो."

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी कप विसळून जागेवर ठेवला आणि गेले.

मंगळवार, २६ मार्च

मास्तर गेले. काल दुपारीच.

चाळीसपर्यंत सूर पडलाच नाही. मग तो आवाज, तार तुटल्याचा, आणि पुढचं मी लिहीत नाही. रिसीव्हर खिडकीबाहेरच होता. मी ओरडत होतो आणि तो खिडकीबाहेरच धरून होतो.

आज आईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.

गुरुवार, २८ मार्च

अंत्यविधीला साहेब मास्तरांच्या बहिणीचा हात धरून उभे होते. ढसाढसा रडले. तिला पाणी पाजलं, तिच्या खांद्यावर शाल नीट केली. परतताना मला गाडीत शेजारी बसवलं. म्हणाले, बारा पावलं पुढे ठोकलीत ना तुम्ही? मला फोनवर सदुसष्ट ऐकू आलं होतं. तुमच्या कानाची परीक्षा पहिल्याच दिवशी झाली, तुमचं मन राहिलं होतं. मास्तर खुंटी बघून काय करतील तेही बघायचं होतं.



मग माझ्या मांडीवर एक जड पुडकं ठेवलं. आसाचा तुकडा. चिठ्ठी तुमच्या अक्षरात असू दे, म्हणाले.

मी लिहिली. ४०.

शुक्रवार, २९ मार्च

राजीनामा दिला. घेतला. जराही रागावले नाहीत. मंगळवारी दुसरी गाडी बाहेर निघेल, तेवढी ऐकून जा म्हणाले. बायको बोलत नाही माझ्याशी. आई विचारते, देवमाणसाला सोडून कुठे निघालास.

हेडमिस्त्रींना विचारलं, दुसऱ्या गाडीचा आस? ते म्हणाले, त्याच ओतकामातला. आणि माझ्याकडे पाठ केली.

सोमवार, १ एप्रिल

लंबूच्या घरी गेलो. सगळं सांगितलं — आस, खुंटी, मास्तर, सगळं. त्याच्या बायकोसमोर. वाटलं, मारेल मला. मारलं असतं तर बरं.

तो हसला. साहेबांनी त्याला कालच सांगून ठेवलंय — ऐकणारा येईल, आसाच्या गोष्टी सांगून तुला घाबरवेल, मीच पाठवतोय त्याला, बघू तुझी छाती किती. लंबू म्हणाला, जाऊन सांगा त्यांना, मी चाळीसच्या आत जाऊन दाखवतो. मी शपथ घेतली. आईची घेतली. त्याने दार लावून घेतलं.

आतून त्याची बायको काहीतरी म्हणत होती. मग तीही हसली.

मंगळवार, २ एप्रिल. खोलीतून

गाडी निघाली. पहिला फेरा सावकाश, इंजिन तापायला. गेला आत्ता समोरून. हात केला मला.

आवाज आहे. तोच. सावकाश असूनही आहे.

फोनवर ओरडलो, थांबवा त्याला. हेडमिस्त्रींना सांगा, झेंडा दाखवा. माझ्याकडे दुसरा फोन नाही, तिथवर धावत अर्धा तास —

पलीकडे वस्तऱ्याची खरखर. मग साहेब म्हणाले — थांबवायचं तर तुम्हीच थांबवू शकता. रस्त्यात उभे राहा. चढावरून वर आला की दिसाल.

तीनशे पावलं. त्याचं लक्ष फक्त रेघांवर असणार. मी दिसलो तरी त्याला वाटेल मला साहेबांनीच —

पुन्हा म्हणाले, जा ना. फार मऊ आवाजात. रिसीव्हर तेवढा खिडकीत नीट टांगून जा. तुम्ही समोर दिसल्यावर तो पाय कुठे उचलतो —

मास्तरांना मी मान हलवून हो म्हटलं होतं. एवढंच डोक्यात येतंय.

फेरा पुरा होत आला. ऐकू येतोय. जोर धरलाय. सूर चढतोय, अजून चढतोय, आणि त्याच्या खाली ती तार

रिसीव्हर टांगला. जातो. बायकोला सांगा मी